टाइम सर्व्हर: वेळ नीट पोचते का आणि ती बदलू कोण शकतं?

एक छोटा प्रयोग करून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये जा, 'आपोआप तारीख आणि वेळ' हा पर्याय बंद करा आणि तारीख दोन वर्षं पुढे ढकला. आता ब्राउझरमध्ये कुठलीही वेबसाइट उघडा. बहुतेक ठिकाणी 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येईल. इंटरनेट चालू आहे, साइट तीच आहे, फोन तोच आहे. फक्त तारीख चुकली, म्हणून साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र फोनला मुदत संपलेलं वाटलं. (प्रयोग झाला की सेटिंग लगेच पूर्ववत करा.)

ऑथेंटिकेटर ॲपचंही तसंच. त्यातला सहा आकडी कोड एसएमएससारखा कुठूनही येत नाही. तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर, दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि आत्ताची वेळ यांच्यावर गणित करून दोघं आपापला कोड काढतात. साधारणपणे दर ३० सेकंदांनी कोड बदलतो. दोघांची घड्याळं जुळली नाहीत तर कोडही जुळणार नाहीत.

म्हणजे वेळ हा सुरक्षेचा पाया आहे. मग ही वेळ देणारं यंत्र नीट चालतंय का आणि त्याला हात कोण लावू शकतं, हे कसं तपासायचं? आज तेच समजून घेऊ.

वेळ देणारा डबा

फोनमधलं किंवा कॉम्प्युटरमधलं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालतं. ते स्वस्त आणि चांगलं असलं तरी थोडं सरकतंच. दहा लाखांत २० भाग एवढी चूक धरली तरी दिवसाला साधारण १.७ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे महिन्याभरात पाऊण मिनिटाहून जास्त. म्हणून प्रत्येक यंत्र अधूनमधून दुसऱ्या कुणाला तरी वेळ विचारतं. विचारायची ही पद्धत म्हणजे एनटीपी, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी ती उभी केली. १९८५ मध्ये तिचं पहिलं प्रमाण-दस्तऐवज आलं आणि सुधारत सुधारत तीच पद्धत आजही चालू आहे.

यात एक उतरंड असते. सगळ्यात वर अणुघड्याळ किंवा जीपीएस उपग्रह, तो स्तर ०. त्याला थेट जोडलेला सर्व्हर स्तर १. स्तर १ ला विचारणारा स्तर २. असं १५ पर्यंत जातं. १६ म्हणजे 'माझी वेळ कशाशीच जुळवलेली नाही, माझ्यावर विसंबू नका'.

मोठी कॉलेजं, बँका, मोबाईल कंपन्या, वीज केंद्रं स्वतःचा स्तर १ चा सर्व्हर ठेवतात. दिसायला तो रॅकमध्ये बसणारा चपटा डबा. मागे अँटेनाची वायर, दोन-चार नेटवर्क पोर्ट, एक सिरियल किंवा यूएसबी कन्सोल पोर्ट. गच्चीवर बसवलेल्या अँटेनातून उपग्रहाची वेळ येते आणि हा डबा ती आख्ख्या नेटवर्कला वाटतो.

तो चुकला तर?

१९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन प्रसिद्ध टाइम सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते. ज्यांनी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यांची घड्याळं बारा वर्षं मागे गेली. अनेक विंडोज नेटवर्कमध्ये लॉगिनची गडबड झाली. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना वेळेच्या माहितीत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक घुसली. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ऐकायला नगण्य, पण जगात अनेक ठिकाणी टेलिकॉम यंत्रणांनी धोक्याचे इशारे दिले.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं? ३.५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ५जी मध्ये टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. शेजारच्या टॉवरांनी एकाच क्षणी बोलायचं आणि एकाच क्षणी ऐकायचं असतं. त्यासाठी प्रत्येक टॉवरची वेळ साधारण १.५ मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली लागते. एक टॉवर सरकला की तो शेजाऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत बोलायला लागतो. तुमच्या फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि नेट मात्र रडतखडत चालतं. (एवढी बारीक अचूकता साध्या एनटीपीतून मिळत नाही. त्यासाठी टॉवरवर जीपीएस किंवा पीटीपी नावाची वेगळी पद्धत लागते.)

आपल्याकडे याला नियमाचीही जोड आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवायची. कारण उघड आहे. सायबर हल्ला झाला की तपास लॉगवर चालतो. फायरवॉल म्हणते चोर २:१० ला आला, सर्व्हर म्हणतो २:०३ ला फाइल गेली. मग आधी काय झालं? घड्याळं जुळलेली नसतील तर पुरावा असूनही गोष्ट जुळत नाही.

आता समजा, कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये असा एक डबा आलाय आणि तो चालू करायचं काम तुमच्यावर आलंय. काम दोन भागांत आहे: आधी दुवे तपासायचे, मग अधिकार ठरवायचे.

भाग १: दुवे तपासणे

अँटेनापासून सुरुवात. नेटवर्ककडे वळण्याआधी डब्यात वेळ आली आहे का ते बघा. डब्याच्या स्क्रीनवर किंवा स्टेटस पानावर किती उपग्रह दिसतात ते कळतं. पहिल्यांदा जागा आणि वेळ दोन्ही ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. कमी दिसत असतील तर अँटेनाला मोकळं आकाश मिळतंय का ते बघा. पाण्याची टाकी आणि पत्र्याची शेड हे नेहमीचे शत्रू. आपल्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून तो नीट सील करणं आणि विजेपासून संरक्षणाचं उपकरण लावणं, ही दोन कामं टाळू नका. शिवाय वायरीतून सिग्नल यायलाही वेळ लागतो, मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. ३० मीटर वायर असेल तर १५० नॅनोसेकंद. एनटीपीला याने फरक पडत नाही, पण टॉवरसारख्या कामात हा आकडा डब्याच्या सेटिंगमध्ये भरावा लागतो.

कन्सोल पोर्ट. लॅपटॉप थेट वायरने कन्सोल पोर्टला जोडा आणि लॉगिन स्क्रीन येते का बघा. सिरियल पोर्ट असेल तर दोन्हीकडचा वेग एकच हवा. तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, अनेक यंत्रांत ९६०० किंवा ११५२०० असतो. वेग चुकला तर स्क्रीनवर भलतीसलती अक्षरं दिसतात. नेटवर्क चालू असताना या पोर्टची गरज वाटत नाही, पण पुढे अधिकार ठरवताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर आत जायचा हाच रस्ता उरतो. म्हणून तो आधीच तपासून ठेवा.

पिंग. आता नेटवर्क. पोर्टचा दिवा लागला का? डब्याला आयपी पत्ता दिला का? मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पिंग करा. उत्तर आलं तर रस्ता आहे एवढंच कळलं. इथे बरेच जण 'झालं काम' म्हणून उठतात. पण पिंग आला म्हणजे वेळ आली असं नाही. पिंगचं उत्तर नेटवर्क कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम देते. वेळ देणारा प्रोग्राम बंद पडलेला असला तरी पिंग मजेत चालतो. उलटही होतं. फायरवॉलने पिंग अडवलेला असतो आणि वेळ मात्र व्यवस्थित मिळत असते.

खरा प्रश्न विचारा. एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. यूडीपीत आधी हात मिळवायची पद्धत नाही. प्रश्न पाठवायचा आणि वाट बघायची. त्यामुळे टेलनेटने १२३ पोर्ट 'उघडा आहे का' हे तपासता येत नाही, कारण टेलनेट टीसीपी वापरतं. तपासायचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे खरोखर वेळ विचारणं. लिनक्सवर 'क्रोनी' किंवा 'एनटीपीक्यू' ही साधनं आहेत, विंडोजमध्ये 'डब्ल्यू ३२ टीएम' आहे. सर्व्हरचा पत्ता द्या आणि उत्तराची वाट बघा.

आकडे वाचा. उत्तरात पाच गोष्टी बघायच्या:

- स्तर: जीपीएस जोडलेल्या डब्याने १ सांगायला हवं. १६ सांगितलं तर तो स्वतःच म्हणतोय की माझं खरं मानू नका.
- रीच: शेवटच्या आठ प्रश्नांपैकी कितींना उत्तर आलं याची नोंद. हा आकडा अष्टमान पद्धतीत लिहितात, म्हणून ३७७ म्हणजे आठही उत्तरं आली. ३७६ म्हणजे अगदी शेवटचं उत्तर आलं नाही. ० म्हणजे एकही नाही. सुरुवातीला दोन प्रश्नांत ६४ सेकंद असतील तर ३७७ दिसायला आठेक मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.
- डिले: प्रश्न जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ.
- ऑफसेट: तुमचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांतला फरक.
- जिटर: हा फरक किती हलतो. एकाच इमारतीतल्या वायरच्या नेटवर्कवर तो मिलिसेकंदाच्या आत असावा. वायफायवर उड्या मारतो, म्हणून तपासणी वायरवरून करा.

ऑफसेट शून्य, तरी चूक? हे थोडं सावकाश वाचा. एनटीपी असं गृहीत धरतं की प्रश्न जायला जेवढा वेळ लागला तेवढाच उत्तर यायला लागला. समजा दोन्ही घड्याळं अगदी बरोबर आहेत, पण जाताना ४० मिलिसेकंद लागले आणि येताना १०. एकूण ५०. एनटीपी म्हणेल, जायला २५ लागले असणार. सर्व्हरने मात्र प्रश्न ४० व्या मिलिसेकंदाला मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे 'माझं घड्याळ १५ मिलिसेकंद मागे आहे' असा निष्कर्ष निघतो आणि बरोबर असलेलं घड्याळ १५ मिलिसेकंद पुढे सरकवलं जातं. त्यानंतर ऑफसेट शून्य दिसेल. स्क्रीनवर सगळं हिरवं आणि वेळ चुकलेली.

एकाच सर्व्हरकडे बघून ही चूक सापडत नाही. वेगळ्या रस्त्याने येणारा दुसरा सर्व्हर लागतो. म्हणून कॉम्प्युटरला कधीही एकच टाइम सर्व्हर देऊ नका. दोन दिले आणि ते भांडले तर खरं कोण ते कळत नाही. तीन असतील तर बहुमत होतं. चार असतील तर एक बंद पडला तरी तीन उरतात.

शेवटी मुद्दाम वायर काढा. सगळं चालू असताना अँटेनाची वायर काढून बघा. चांगला डबा लगेच कोसळत नाही, आतल्या घड्याळावर काही काळ वेळ धरून ठेवतो. तुम्हाला बघायचंय ते वेगळंच: इशारा आला का, कुणाला आला आणि ठरवलेल्या मुदतीनंतर डब्याने 'आता माझ्यावर विसंबू नका' असं सांगितलं का. बिघडल्यावर गप्प बसणारा टाइम सर्व्हर बंद पडलेल्यापेक्षा वाईट.

भाग २: कुणाला किती अधिकार?

एसटी स्टँडवरचं मोठं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. वेळ कुणीही बघू शकतं, त्यासाठी तिकीट लागत नाही. घड्याळ बरोबर चालतंय का याची नोंद ठेवणारा एखादा कर्मचारी असतो. पण शिडी लावून काटे फिरवायची परवानगी एखाद्यालाच. टाइम सर्व्हरवर हेच तीन थर बनवायचे.

थर १, वेळ विचारणारे. यांना लॉगिन नको. फक्त वेळ विचारता यावी, बाकी काही नाही. 'बाकी काही नाही' हे महत्त्वाचं आहे. जुन्या एनटीपी प्रोग्राममध्ये 'मॉनलिस्ट' नावाची आज्ञा होती. ती विचारली की सर्व्हर अलीकडच्या ६०० ग्राहकांची यादी पाठवायचा. इवलासा प्रश्न आणि शंभर पटींहून मोठं उत्तर. हल्लेखोर प्रश्नावर खोटा पत्ता घालायचे आणि उत्तरांचा लोंढा भलत्याच्याच अंगावर जायचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या एका ग्राहकावर असा सुमारे ४०० गिगाबिट प्रति सेकंदाचा हल्ला झाला. त्यात वापरलेले टाइम सर्व्हर साधारण साडेचार हजार होते. ते बहुतेक निष्पाप लोकांचे होते, फक्त सेटिंग न बघता चालू ठेवलेले. म्हणून सॉफ्टवेअर नवं ठेवा, माहिती विचारण्याच्या आज्ञा बाहेरच्यांना बंद करा आणि सर्व्हर कॉलेजपुरता असेल तर फक्त कॉलेजच्या पत्त्यांनाच उत्तर द्यायला सांगा.

थर २, बघणारे. उपग्रह किती, इशारे कोणते, लॉग काय म्हणतो हे रोज बघणारी मंडळी. यांना स्वतःच्या नावाचं, फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं द्या. देखरेखीचं सॉफ्टवेअर एसएनएमपी वापरत असेल तर त्याची तिसरी आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्तीत 'पब्लिक' हाच पासवर्डसारखा शब्द कित्येक ठिकाणी तसाच राहिलेला असतो आणि तो नेटवर्कवर उघडाच फिरतो.

थर ३, काटे फिरवणारे. वेळ बदलणं, सॉफ्टवेअर टाकणं, नवी खाती उघडणं. अशी माणसं दोन पुरेत. एकच ठेवली तर ती रजेवर गेल्यावर काम अडतं. सगळ्यांनी मिळून एकच 'ॲडमिन' खातं वापरू नका, कारण उद्या लॉगमध्ये 'ॲडमिनने वेळ बदलली' एवढंच दिसेल आणि नेमकं कुणी ते कळणार नाही.

यासोबत चार कामं:

- कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल इंटरनेटवर असतं.
- टेलनेट आणि साधं एचटीटीपी बंद करा. त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएसएच आणि एचटीटीपीएस ठेवा.
- वेळ वाटण्याचा पोर्ट आणि सेटिंग बदलण्याचा पोर्ट वेगळे करता येत असतील तर करा. सेटिंगचा पोर्ट विद्यार्थ्यांच्या वायफायवरून पोचता कामा नये.
- वेळ खरंच आपल्याच सर्व्हरची आहे याची खात्री हवी असेल तर एनटीपीच्या किल्ल्या किंवा २०२० मध्ये प्रमाणित झालेली एनटीएस पद्धत वापरा, डबा आणि समोरची यंत्रं दोन्ही ती पेलत असतील तर.

एक चलाख सापळा

कॉलेजमध्ये सगळ्यांचं लॉगिन एकाच केंद्रीय सर्व्हरवरून होतं. डब्याचंही तिथूनच करू, असं कुणालाही वाटेल. वाटतं ते बरोबरच आहे, कारण कुणी सोडून गेलं की एकाच ठिकाणी खातं बंद करता येतं. पण केंद्रीय लॉगिनच्या अनेक पद्धती स्वतः वेळेवर अवलंबून असतात. विंडोज नेटवर्कमधल्या केर्बेरॉसला मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. ऑथेंटिकेटरच्या कोडचं तर वर बघितलंच.

आता विचार करा: डब्याची वेळ चुकली. दुरुस्त करायला लॉगिन हवं. लॉगिनला बरोबर वेळ हवी. किल्ली कुलपाच्या आतच राहिली! म्हणून डब्यावर एक स्थानिक खातं कायम ठेवा, जे केंद्रीय सर्व्हर आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून नाही. त्याचा लांबलचक पासवर्ड बंद पाकिटात, जबाबदार माणसाच्या कुलपात. ते कन्सोल पोर्टवरून चालतं का हे वर्षातून एकदा तरी करून बघा.

अधिकार लावल्यावर पुन्हा तपासा

दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. अधिकार घट्ट केले की दुवा तुटू शकतो. दुवा चालावा म्हणून सगळं मोकळं सोडलं की अधिकार फुकट जातात. म्हणून क्रम असा ठेवा:

१. सगळं मोकळं असताना दुवे तपासा आणि पाचही आकडे लिहून ठेवा.

२. अधिकार एकेक करून लावा. नियम लावताना चालू असलेलं लॉगिन बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय हे बघूनच पहिली खिडकी बंद करा.

३. परवानगी असलेल्या कॉम्प्युटरवरून वेळ विचारा. आकडे आधीसारखेच यायला हवेत.

४. परवानगी नसलेल्या कॉम्प्युटरवरून तेच सगळं करून बघा. वेळ विचारा, सेटिंगचं पान उघडा, जुना पासवर्ड टाका. इथे प्रत्येक वेळी नकार मिळायला हवा.

५. फक्त वाचायच्या खात्याने लॉगिन करून वेळ बदलायचा प्रयत्न करा. तोही फसायला हवा.

६. सेटिंगची प्रत दुसरीकडे जपून ठेवा आणि तारीख लिहा.

चौथी आणि पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, कारण 'चालतंय' हे बघून समाधान होतं. पण कुलूप लागलंय की नाही हे किल्लीने उघडून कळत नाही. किल्लीशिवाय दार ओढून बघावं लागतं.

असा डबा उद्याच तुमच्या हातात येईल असं नाही. पण घरच्या राउटरवर हाच विचार आज लावता येतो. त्याच्या सेटिंगमध्ये त्याचं घड्याळ बरोबर आहे का बघा, कारण मुलांच्या नेटच्या वेळा आणि राउटरचे लॉग त्याच्यावरच चालतात. मग त्याचा ॲडमिन पासवर्ड अजून डब्याखालच्या स्टिकरवरचाच आहे का, तेही बघा. असेल तर हा लेख बंद करायच्या आधी बदला.